दोन बोटांची फट

१

गल्लीत त्यांना सगळे कवळीबाई म्हणत. त्यात चेष्टा होती, पण खोटं काही नव्हतं. दातांच्या तीन डॉक्टरांकडून ठसे यायचे आणि बाई घरच्या टेबलावर बसून त्यांच्या कवळ्या करायच्या. माणसाचा चेहरा त्या एक वेळ विसरतील, जबडा विसरत नसत. नवरा बोटीवर कामाला होता, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात बाई, सात वर्षांची लेक ठकी आणि सरकार.

सरकार म्हणजे मांजर. हे नाव कोणी ठेवलं नव्हतं, वागणुकीमुळे पडलं होतं. नऊ वर्षं त्या घरावर तिचा अंमल होता. तिला पोस्टमन खपायचा नाही, नवी चादर खपायची नाही, बोटीवरून परत आलेला घरधनीसुद्धा पहिले चार दिवस खपायचा नाही.

अशा घरात बाईंच्या धाकट्या भावानं एका शनिवारी दुपारी दुसरं मांजर आणलं. भाऊ आगीच्या बंबावर नोकरीला. धूर दिसतोय अशी तक्रार आली म्हणून त्यांनी एक बंद घर फोडलं होतं. आग कुठेच नव्हती. आत ही राखाडी मांजरी होती, ती त्यानं स्वतःच्या जाड कोटात गुंडाळून आणली.

"ताई, आठवडाभर ठेव. मग बघू."

"तुझं मग बघू मला चांगलं माहीत आहे. मग बघू म्हणून सायकल ठेवलीस, ती अजून जिन्यात आहे."

पण ठकीनं कोटात डोकं घातलं होतं आणि भुरी हे नावही ठेवून टाकलं होतं. म्हणजे विषय संपला.

बाईंनी कोट उघडला. हाडांचा सापळा बघायची मनाची तयारी केली होती. मांजरी चांगली गुबगुबीत निघाली. अंगावर तकाकी, डोळे स्वच्छ.

"घर किती दिवस बंद होतं म्हणालास?"

"शेजारी म्हणतात, दोन वर्षं. बाहेरून कुलूप, खिडक्या आतून बंद. उंदरांवर जगली असेल."

बाईंनी तिचा पंजा दाबून पाहिला. नखं कापलेली होती, अगदी एकसारखी. कडा मात्र कात्रीच्या नव्हत्या. ती नखं चावून काढलेली होती, तान्ह्या बाळाची आई काढते तशी.

"मांजरं आपली नखं आपणच चावतात," भाऊ म्हणाला. चावतात खरी. बाईंनी कोट गुंडाळून त्याच्या हातात दिला.

२

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई फटकळ होत्या. भुरीला उलटीसुलटी करून त्यांनी तपासलं, टोचलं आणि एक छापील कागद बाईंच्या हातात ठेवला.

"हे वाचा आणि घाई करू नका. जुन्या मांजरीसमोर नवी आणून ठेवली की झालं, असं लोकांना वाटतं, मग रक्तबंबाळ होऊन माझ्याकडे येतात. चार पायऱ्या आहेत. आधी वास, मग आवाज, मग बघणं, आणि शेवटी स्पर्श. नवीला वेगळ्या खोलीत ठेवायचं, दार बंद. तिच्या गालावरून फडकं फिरवून ते जुनीच्या ताटलीखाली घालायचं. वासाची सवय झाली की दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण, म्हणजे आवाजाची सवय होते. मग दार दोन बोटं उघडायचं. जुनी मांजर जोवर अंग चोरते आहे तोवर पुढची पायरी नाही. तिला वाटलं पाहिजे की हे सगळं तिच्याच मनातलं होतं."

"आणि स्पर्श?" ठकीनं विचारलं. तिचे वरचे पुढचे दोन्ही दात पडले होते, त्यामुळे त्या शब्दातून वाराच जास्त आला.

"हात खाली धरायचा, पालथा. डोळ्यांत बघायचं नाही. ती आपणहून येते, कपाळ घासते, कधी हलकेच चावते. म्हणजे तुम्ही तिचे झालात. तेव्हा हात ओढायचा नाही. ओढला की ती घट्ट धरते."

ठकीनं मान डोलावली. शाळेत कधी इतकं मन लावून ऐकत असेल तर शपथ.

"आणखी एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुरुवातीला खोलीत एकाच माणसानं जायचं. रोज तेच माणूस."

त्या आठवड्यात बाईंच्या अंगावर पाच कवळ्या होत्या. म्हणून ते माणूस ठकी झाली. बाईंनी खुशीनं तिला ते काम दिलं आणि निश्चिंत झाल्या. चूक झाली ती इथे, आणि ती दुसऱ्या कोणाची नव्हती.

३

मागची खोली बाईंच्या टेबलाच्या पाठीमागेच होती. खोलीत कपड्यांचं उंच कपाट, ठकीचं अभ्यासाचं टेबल आणि एका भिंतीला जाड पडदा. पडद्यामागे खिडकी, खिडकीबाहेर हातभरावर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत. खोलीचं दार बाईंच्या बाजूला उघडायचं. ठकी शाळेतून आली की आत जायची, पाठीमागे दार लावायची, आणि पाच मिनिटांनी फडकं घेऊन बाहेर यायची.

पहिल्या दिवशी ते फडकं सरकारच्या ताटलीखाली घालताना बाईंनी नाकाशी नेलं आणि त्या थबकल्या. मांजराचा वास त्यांना ठाऊक होता. हा तो नव्हता. बंद पेटीतल्या लोकरीसारखा काहीतरी, आणि त्याखाली दुसरा, ओळखीचा. झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाचा वास. वीस वर्षं तोंडांचे ठसे हाताळणाऱ्या बाईकडून तो ओळखायला चूक होणार नाही.

मग त्यांनीच स्वतःला समजावलं. बोटांना दिवसभर ठशांचाच वास असतो, तोच फडक्याला लागला असणार.

सरकार येऊन फडक्यापाशी बसली. बाई तिच्या फिसकारण्याची वाट बघत होत्या. ती फिसकारली नाही. तिनं मान वळवून बंद दाराकडे पाहिलं. मांजर दारापलीकडच्या मांजराकडे बघतं ते खाली, उंबऱ्याच्या फटीकडे. सरकार वर बघत होती, दाराच्या कडीच्या थोडं खाली. ठकी उभी राहिली तर तिचं तोंड येईल तिथे.

चार दिवसांनी बाईंना तो वास येईनासा झाला. पाचव्या दिवशी तो त्यांच्या स्वतःच्या उशीला होता, आणि हेही त्यांच्या लक्षात आलं ते झोपून उठल्यावर.

४

आवाजाची पायरी दुपारी तीनची ठरली. तेव्हा गल्ली गप्प असते. ठकी आत भुरीची ताटली ठेवायची, बाहेर सरकारची, आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन चित्रं काढत बसायची. बाई टेबलावर, दाराकडे पाठ.

पहिले दोन दिवस आतून ताटली चाटल्याचा आवाज आला. तिसऱ्या दिवशी त्यात दुसरा मिसळला. टक. टक टक.

तो आवाज म्हणजे बाईंच्या पोटापाण्याचा आवाज होता. नवी कवळी तोंडात बसवली की माणूस पहिल्यांदा हेच करतो, वरचे दात खालच्यावर आपटून बघतो, नीट बसतात का. त्यांनी समोर पाहिलं. टेबलावरचं, कवळ्या जुळवून बघायचं जबड्याचं यंत्र मिटलेलं, गप्प.

डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या हसल्या. "पाखरू दिसलं की मांजरं दात वाजवतात. जुनी गोष्ट आहे."

बाईंना हायसं वाटलं. फोन ठेवल्यावर आठवलं की त्या खिडकीतून कोरी भिंत दिसते, आणि पडदाही ओढलेला असतो. पण पाल असेल. पाल कुठेही असते.

दोन दिवसांत त्याचीही सवय झाली. कहर म्हणजे एका दुपारी कवळीच्या कडा घासताना बाईंना उमगलं की आपण हातातली सुरी टेबलावर वाजवतो आहोत. टक. टक टक. त्या थांबल्या. आतला आवाजही थांबला. मग आतून एकदाच आला, टक, कोणी पुढचं विचारावं तसा.

बाईंनी कवळ्या घासायची मोटर सुरू केली आणि संध्याकाळपर्यंत बंद केली नाही.

५

मंगळवारी टेबलावरची गुलाबी मेणाची एक पट्टी सापडेना. दात कसे जुळतात ते बघायला माणसाला चावायला देतात ती पट्टी. बुधवारी ती दाराच्या उंबऱ्यापाशी पडलेली होती. चावलेली.

"ठके, इकडे ये. हे तू केलंस?"

"मी नाही."

"मग काय आभाळातून पडलं? खोटं बोललेलं मला चालत नाही."

"खरंच नाही, आई. तू काय करतेस ते तिला बघायचं होतं, म्हणून नुसती पट्टी दाखवली."

"मांजराला काय कळतं त्यातलं," असं म्हणून बाईंनी पट्टी उजेडात धरली. चावा लहान होता, सहासात वर्षांच्या पोराच्या जबड्याएवढा. म्हणजे कारटी थाप मारत होती. पण पट्टी खाली ठेवताना त्यांचा हात तसाच राहिला. ठकीचे वरचे पुढचे दोन्ही दात पडलेले होते. या चाव्यात फट नव्हती.

बाईंनी भिंग घेतलं. जबडा लहान मुलाचा होता आणि दातांची झीज म्हाताऱ्या माणसाची. टोकं घासून सपाट झालेली, सत्तर-ऐंशी वर्षं चावून चावून होतात तशी. सवयीनं त्यांनी वरचे दात मोजले. माणसाला वर सोळा असतात. त्यांनी पुन्हा मोजले, मग तिसऱ्यांदा, सुईच्या टोकानं एकेक खळगा टोचत.

अठरा.

मेण उन्हात सरकतं, त्यांनी स्वतःला सांगितलं. एकदा चावून तिथेच दुसऱ्यांदा चावलं तर ठसे दुहेरी होतात. हे सगळं खरं होतं. नवशिक्या पोरींना त्या हेच शिकवायच्या. फक्त हा ठसा दुहेरी नव्हता, आणि ते बघायला त्यांना भिंगही लागलं नसतं.

त्यांनी पट्टी वितळवून टाकली. त्या दिवशी त्यांनी कवळीला हात लावला नाही.

६

दार दोन बोटं उघडलं तेही ठकीनंच. कडीला दोरी बांधून ती खिळ्याला अडकवली, म्हणजे फट तेवढीच राहील. सरकार फटीसमोर बसून आरामात अंग चाटायला लागली. नऊ वर्षांत तिनं इतक्या लवकर कोणाला आपलं म्हटलं नव्हतं.

बाईंनी टेबल फिरवून घेतलं. आता दाराकडे पाठ नको होती. पण तोंड केलं तर नजर सारखी फटीवर जायची. आत अंधार नव्हता, दुपारचा साधा मळकट उजेड होता. त्या उजेडात कधीतरी काहीतरी फटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकायचं. भुरी असणार. दुसरं कोण असणार? फक्त भुरी जमिनीलगत चालायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. पंधरा दिवस झाले, त्यांनी भुरीला धड पाहिलं नव्हतं. सरळ दोरी सोडून आत जाता आलं असतं. डॉक्टरीणबाईंनी एकाच माणसाला सांगितलंय, असं त्या मनाशी म्हणाल्या. खरं कारण वेगळं होतं. बाईंना त्या खोलीची भीती वाटत होती, स्वतःच्या घरातल्या, स्वतः रंग दिलेल्या खोलीची.

त्यांनी लांब दांड्याचा छोटा आरसा घेतला, तोंडात घालून मागचे दात बघतात तो. दारापाशी उकिडवं बसून तो फटीतून आत सरकवला.

नाण्याएवढ्या आरशात खोली दिसली. अभ्यासाचं टेबल. पडदा. त्यांनी दांडा फिरवला. कपाटावर अगदी छताशी अंग आक्रसून भुरी बसली होती. ती खाली बघत होती, दाराच्या आतल्या बाजूला, बाईंच्या इतक्या जवळ की मध्ये फक्त लाकडाची जाडी असेल.

त्यांनी आरसा तिकडे वळवला. केस दिसले. बारीक, विरळ, मधोमध भांग पाडलेले. कोणीतरी दाराला टेकून जमिनीवर बसलं होतं.

"ठके," बाई हळूच म्हणाल्या, "तिथे काय करतेस? ऊठ."

"काय गं?" ठकी म्हणाली. ती बाईंच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात दुधाचा पेला.

आरशातलं डोकं वळायला लागलं. बाईंना चेहरा दिसला नाही. आरशावर वाफ धरली, उघड्या तोंडाजवळ नेला की धरते तशी.

७

बाईंनी भावाला फोन लावला तो गल्लीकडच्या खिडकीशी उभं राहून, ठकीचा हात घट्ट धरून.

"आत्ताच्या आत्ता ये. मांजर घेऊन जा."

"काय झालं ताई? चावलं का?"

"ये म्हटलं ना."

"वीस मिनिटांत पोचतो. आणि तुला काय सांगू, माझ्या त्या कोटाचा वास जाईना. दोनदा धुतला. बायको म्हणते, कोणाच्या तोंडात घालून आणलास का."

फोन खाली ठेवायला बाईंनी एक हात सोडला, तो ठकीचा होता. वळून बघतात तो ठकी नाही आणि दोरी खिळ्यावरून सुटून लोंबत होती.

धावत जाऊन त्यांनी दार ओढलं. ते सहज उघडलं, पूर्ण उघडून भिंतीला लागलं, आणि त्याची आतली बाजू त्यांच्यासमोर आली.

तिथे ठकीच्या उंचीवर एक कागद चिकटवला होता. पट्टीनं रकाने आखलेले. डाव्या बाजूला एकाखाली एक, ठकीच्या मोठ्या अक्षरात: वास, आवाज, बघणं, हात. वरच्या ओळीत तीन नावं. सरकार. मी. आई.

भुरीचा रकाना नव्हताच.

सरकारच्या रकान्यात चारही खुणा होत्या. मीच्या रकान्यात चारही. आईच्या रकान्यात तीन. तिसरी खूण आजचीच असावी, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल खाली अजून झुलत होती. वर कपाटावर भुरी तशीच बसली होती.

पंधरा दिवस फडकं कोणाच्या गालावरून फिरत होतं, हे बाईंनी एकदाही विचारलं नव्हतं.

ठकी पडद्यापाशी उभी होती. तिचा उजवा हात मनगटापर्यंत पडद्याच्या घडीत गेला होता. सरकार तिच्या पायाशी बसून पडद्याला अंग घासत होती.

"ठके, इकडे ये," बाई म्हणाल्या. आवाज रोजचा निघाला, जेवायला हाक मारावी तसा.

"येता येत नाही. तिनं धरलंय."

बाई पुढे झाल्या, लेकीचा खांदा धरला आणि ओढला. ठकी कळवळली.

"ओढू नकोस, आई. ओढलं की घट्ट धरते. सांगितलं होतं ना." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ती आईची समजूत घालत होती. "मामा येऊन भुरीला नेणार म्हटल्यावर ती घाबरली. तुझं एवढंच राहिलंय. तू हात दिलास की माझा सोडेल."

बाईंनी दाराकडे पाहिलं. चार पावलांवर दार, पुढे टेबल, जिना, गल्ली. त्यांच्या पायांना तिथे जायचं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग त्यांनी लेकीच्या मनगटाकडे पाहिलं. पडद्याच्या कडेशी ते पांढरं पडत चाललं होतं.

त्यांनी हात पुढे केला. खाली, पालथा. डोळे मिटून घेतले.

"शहाणी आई," ठकी पुटपुटली.

पडदा हलला नाही. आधी वास आला, आणि तो इतका ओळखीचा झाला होता की बाईंना क्षणभर घरी असल्यासारखं वाटलं. मग बोटांच्या मागे काहीतरी टेकलं. कपाळ होतं. थंड, कोरडं. ते पुढेमागे घासलं गेलं, एकदा, दोनदा, विरळ केस बोटांत येत-जात राहिले. शेजारी ठकीनं हात काढून घेतल्याचं त्यांना कळलं. तिची पावलं लांब गेली. सुटली पोर.

मग त्यांचा पंजा उबदार, ओल्या जागेत गेला आणि दात मिटले. जोरानं नाही, नुसते टेकल्यासारखे. बाईंनी हात ओढला नाही. नको नको म्हणत असताना सवयीनं त्या मोजायला लागल्या, एका टोकापासून. सोळाव्याला त्या थांबू शकल्या नाहीत.

खाली गल्लीत भावाच्या गाडीचा हॉर्न वाजला. पाठीमागे कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज झाला, एक छोटी खूण. मग ठकीनं पट्टी उचलली, आईच्या शेजारी आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, मामा. वासासमोरची खूण तिनं लगेच करून टाकली.